चारचा भोंगा

१

चार वाजता रहमत मिस्त्रींनी दोरी ओढली, आणि भोंगा वाजण्याऐवजी कापूस उडाला.

'फट्' असा एकच आवाज झाला. केबिनच्या छतावरून मुठीएवढा पांढराशुभ्र बोळा उंच गेला, वाऱ्यावर क्षणभर रेंगाळला आणि जयाताईंच्या मांडीवरच्या उघड्या पुस्तकात येऊन बसला. बोटीवरच्या सगळ्यांनी आधी पुस्तकाकडे आणि मग छताकडे पाहिले. नळीचे तोंड मोकळे होते. तिच्यावर बसवलेला हातभर उंचीचा पितळी भोंगा नाहीसा झाला होता.

"मिस्त्री," अय्याजभाई म्हणाले, "भोंग्यानं कापूस व्याला काय?"

कोणी हसले नाही. दरणे सर उठले, त्यांनी तो बोळा चिमटीत धरून रुमालात गुंडाळला आणि रुमाल खिशात ठेवला. सन दोन हजार सहाच्या जानेवारीतली ती दुपार होती. पैनगंगेच्या धरणाचा फुगवटा काठोकाठ भरलेला होता, आणि तीन दिवसांच्या नदीप्रवासाचा तो दुसरा दिवस होता.

भोंगा मूळचा घाटंजीच्या जिनचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचा. चाळीस वर्षे त्याने गावाला उठवले, जेवायला पाठवले आणि घरी सोडले. कापसाची वाईट वर्षे आली, जिल्ह्यातल्या जिनांना एकामागून एक कुलपे लागली, आणि हाही जिन बंद झाला. तेव्हा तिथल्या रहमत मिस्त्रींनी लिलावात एक जुनी लोखंडी बोट घेतली आणि दोन वर्षे खपून ती उभी केली. इंजिन ट्रॅक्टरचे, बाकडी जिनच्या कँटीनची, उशांत जिनच्या झाडलोटीचा शेवटचा कापूस, आणि छतावर भोंगा. वाफ नव्हती, म्हणून ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी त्याला जोडली. लोक तिला 'जिनची बोट' म्हणत.

मिस्त्री छतावरून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी दरणे सरांना बाजूला घेतले.

"सर, कोणाले सांगू नोका. उद्या दहा वाजता धक्क्यावर परवान्याचे सायब येऊन राह्यले. कच्चा परवाना उद्याच संपते. भोंगा मैलभर आयकू गेला तरच पक्का भेटते. त्याईच्या कागदावर लिवलं हाय, पितळी भोंगा, एक नग."

"आणि नाही वाजला तर?"

"तं बोट काठावर. मंग मी बी काठावर."

२

दरणे सर तंत्रनिकेतनात शिकलेले. त्याच जिनमध्ये त्यांनी एकतीस वर्षे यंत्रांची देखभाल केली होती. कोणतेही यंत्र बिघडले की प्रथम कागद घ्यायचा, ही त्यांची रीत. रहमत मिस्त्रींनी बोट पाण्यात सोडली, तेव्हा प्रवाशांसाठीचे माहितीपत्रकही सरांनीच लिहून दिले होते. 'नदीप्रवासास निघताना जाणून घ्यावयाच्या बाबी' असे त्याचे शीर्षक. पहिल्या सकाळी जयाताईंनी ते डेकवर सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले होते.

त्यात लिहिले होते की खोली रेल्वेच्या दोन बाकांएवढीच असेल, म्हणून सामान एकाच पिशवीत आणावे. बोट सायकलीपेक्षा हळू चालेल, म्हणून घाई घरी ठेवून यावी. पाण्यावरचे ऊन दोनदा लागते, एकदा वरून आणि एकदा खालून. जेवण जे शिजेल ते. कलम पाच असे होते : 'सकाळी पावणेआठला व दुपारी चारला भोंगा होईल. दचकू नये.' आणि शेवटचे कलम नऊ : 'ज्यांना स्वतःचे भान राहत नाही अशा व्यक्तींना आणू नये. आढळल्यास पुढच्या धक्क्यावर उतरविले जाईल.'

आता सरांनी त्याच पत्रकाच्या पाठीमागे लिहायला घेतले. दोन ते चार या वेळात भोंगा गेला. त्या वेळी बोट काठाला बांधलेली होती. मिस्त्री गावात दूध आणायला गेले होते. सर स्वतः जयाताई आणि अय्याजभाई यांना घेऊन पाण्यातून डोके वर काढलेला जुन्या देवळाचा कळस पाहायला गेले होते. अय्याजभाई अर्धा तास आधी परतले. बोटीवर मागे राहिले चौघे : इंजिन सांभाळणारा मिस्त्रींचा पुतण्या फिरोज, स्वयंपाक करणाऱ्या मिस्त्रींच्या पत्नी हुस्नाबी, आणि जिनचा जुना कामगार पूनमसिंग आपली बायको लालीबाई हिच्यासह. पूनमसिंगचे गुडघे दुखत होते, म्हणून ती दोघे काठावर उतरली नव्हती.

मग सर छतावर चढले. खाली आले तेव्हा त्यांची भुवई वर गेलेली होती. नळीवर ओरखडा नव्हता. आट्यांना ताजे ग्रीस लावलेले होते. आणि ते आटे उलटे होते.

हे सरांना पक्के ठाऊक होते, कारण ती नळी जिनमधलीच होती. जगातले सगळे आटे डावीकडे फिरवले की सुटतात. हे डावीकडे फिरवले की आवळतात. अनोळखी माणसाने पाना लावला असता तर तो आधी चुकीकडे फिरवला असता, पाना घसरला असता आणि पितळेवर खूण राहिली असती. खूण एकही नव्हती.

भोंगा काढणारा माणूस जिनच्या आतला होता.

३

तरीही सरांनी सुरुवात बाहेरच्या माणसापासून केली. अय्याजभाई घाटंजीचे भंगारवाले. जिन मोडला तेव्हा अर्धे लोखंड त्यांच्याच गोडाऊनमध्ये गेले होते, आणि भोंग्यावर त्यांचा डोळा असल्याचे सगळ्या गावाला माहीत होते.

"अय्याजभाई, तुम्ही लवकर का परत आलात?"

"ऊन लागलं सर. तुमच्या कागदात लिवलं हाय ना, दोनदा लागते. मले तीनदा लागलं."

"भोंगा तुम्हाला हवा होता."

"होता ना. दोनदा मांगतला, दोनदा मिस्त्रीनं चहा पाजून वापस पाठवलं. पण सर, मी भंगारवाला हावो. आमचं काम आरीचं. नळी कापली, माल पोत्यात. आटे खोलत बसलो तं दुकान कवा चालवू? अन् चोरून जाऊ कुठं? चौबाजूनं पाणी हाय."

सरांनी कागदावर एक नाव खोडले. आरीचा माणूस ग्रीस लावत बसत नाही.

जयाताई बाभुळगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. पहिल्याच सकाळी भोंग्याने त्यांचा चहा सांडला होता आणि त्यांनी तशी लेखी तक्रारही दिली होती.

"दरणे सर, बत्तीस वर्षे मी शाळेची घंटा ऐकली. इथे मला पाण्याचा आवाज ऐकायचा होता. तेव्हा भोंगा गेल्याचे दुःख मला नाही, हे लिहून घ्या. पण तुम्ही दोन तास माझ्या शेजारी त्या कळसाच्या दगडांचे वजन काढत होता, आणि त्या छतावर चढायला मी गुडघे कोणाचे आणू?"

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"काल सकाळी त्या पूनमसिंगकाकांचे काय झाले ते मात्र मला विचित्र वाटले."

"काय झाले होते?"

"भोंगा झाला तसे ते उठले आणि सरळ कठड्याकडे चालू लागले. लालीबाईने त्यांचे धोतर पकडून बसवले. सगळे हसले. अय्याजभाई म्हणाले, काका पोहायले निघाले. ती मात्र हसली नाही."

सरांनी मान डोलावली, पण लिहिले नाही. ती त्यांची त्या दिवसातली पहिली चूक.

४

फिरोज इंजिनच्या खड्ड्यात बसून नोझल साफ करत होता. कोपरापर्यंत हात काळे.

"मले इचारायले येसान, माहीत होतं," तो म्हणाला. "मीच चाचाले म्हणत होतो, हा भोंगा काढा, ट्रकचा हॉर्न लावा. हवा कमी खाते. चाचा आठ दिवस बोलला नाई मायाशी."

"उलटे आटे तुला माहीत आहेत."

"माहीत हायेत. मीच बसवला ना भोंगा. पण सर, मी दोन वाजल्यापासून इथंच हावो. हे हात पाहा."

सरांनी हात पाहिले. मग खिशातला रुमाल उघडला. बोळा दुधासारखा पांढरा होता. ज्या हातांनी तो वळला होता, त्यांनी दिवसभरात डिझेलचा थेंबही पाहिलेला नव्हता. शिवाय फिटर माणूस नळीच्या तोंडात चिंधी कोंबतो, कापूस नाही.

आणखी एक नाव खोडले गेले.

इतक्यात स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून हुस्नाबींचा आवाज आला. "माही चिंच कोणं नेली? पावभर चिंच होती डब्यात. दाळीत काय टाकू आता, नदीचं पाणी?"

"भाभी, इथे भोंगा हरवला आहे," सर म्हणाले.

"तुमचा भोंगा हरवला तं तुम्ही कागद काढला. माही चिंच हरवली तं कोणी पेन्सिल बी उचलली नाई." त्यांनी झाकण आपटले. "भोंग्यानं दाळ आंबट होत नाई, सर."

सर हसले आणि आपल्या जागी येऊन बसले. सूर्य पाण्यावर टेकत होता. दूर थव्याने उतरलेली बदके काळ्या ठिपक्यांसारखी दिसत होती. त्यांनी नावांची यादी पुन्हा वाचली. अय्याज नाही, जया नाही, फिरोज नाही. मिस्त्री बोटीवर नव्हते. हुस्नाबींनी आयुष्यात पाना धरला नव्हता. उरली दोन म्हातारी माणसे, त्यातल्या एकाला बाकावरून उठायला दुसऱ्याचा हात लागत होता.

हिशेब जुळत नव्हता. त्यांनी नकळत मांडीवरची उशी दाबली, आणि त्यांचा हात थांबला.

५

सरांनी उशीची शिवण दोन बोटे उसवली. आतला कापूस पिवळट निघाला. त्यात पानांचा चुरा होता, सरकीची फुटकी टरफले होती, आणि किडक्या बोंडांतले घट्ट, तांबूस पुंजके होते, ज्यांना जिनमध्ये कवडी म्हणत. बोटीवर दुसरा कापूस नव्हता.

त्यांनी बोळा शेजारी ठेवला. त्यात पान नव्हते, टरफल नव्हते, कवडीचा एक धागाही नव्हता.

म्हणजे कोणीतरी उशीतून कापूस काढला आणि नळीत कोंबण्याआधी तो वेचून साफ केला. कशासाठी? नळीला त्याचे काही सुखदुःख नव्हते. घाईच्या कामात असे कोणी करत नाही. करतात ते फक्त असे हात, ज्यांना घाण कापूस तसाच पुढे ढकलणे जमतच नाही. सरांच्या डोळ्यांपुढे जिनचे पटांगण उभे राहिले. हिवाळ्याचे ऊन, डोंगराएवढा ढीग, आणि त्याच्याभोवती अर्धगोल करून बसलेल्या बाया. तोंडाने गप्पा, मांडीवर लेकरू, आणि बोटे कवडी वेचत चाललेली, त्यांच्याकडे न पाहता.

पण त्या बायांपैकी एकीलाही उलटे आटे ठाऊक नव्हते. आणि ज्यांना आटे ठाऊक होते, त्यांनी जन्मात कवडी वेचली नव्हती.

कागदावर सगळ्यात वर त्यांनी 'कोण?' असे लिहिले होते. त्या शब्दाकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तो खोडला आणि लिहिले : 'कोण आणि कोण?'

हात दोन नव्हते. चार होते.

आणि आता चिंचही जागेवर येऊन बसली. दरवर्षी सीझनच्या मुहूर्ताला, कापसाची पहिली गाडी तोलण्याआधी, भोंगा छतावरून उतरवला जाई. नळीला ग्रीस, भोंग्याला चिंचेचे पाणी, मग हळद-कुंकू. मालक नारळ फोडत. पण भोंगा उतरवायला चढे तो नेहमी एकच माणूस. अंगाने हलका, खारीसारखा सरसर. अकरा नंबरच्या यंत्रावरचा पूनमसिंग. आणि कवडी वेचणाऱ्या त्या बायांत बसे ती त्याची लालीबाई.

६

लालीबाई बोटीच्या मागच्या टोकाला बसली होती. पूनमसिंग शेजारी पाण्याकडे पाहत होता. सर समोर बसले आणि त्यांनी पूनमसिंगचा उजवा हात हातात घेतला. म्हाताऱ्याच्या काळवंडलेल्या हाताची बोटे मात्र टोकांशी गोरीपान, धुतल्यासारखी झाली होती. वास आंबट होता.

"लालीबाई, भोंगा किती चमकला?"

तिने नजर चुकवली नाही. पायाशी ठेवलेली टोपली पुढे ओढली आणि वरचे लुगडे बाजूला केले. भोंगा नव्या नाण्यासारखा झळकत होता.

"अर्धाच घासू म्हणलं तं आयकतात थोडेच," ती म्हणाली. "मी नुसतं म्हणलं, उद्या मुहूर्त हाय, भोंगा काढा. गुडघे दुखतात म्हणणारा माणूस वर चढला सर, शिडी बी नाई मांगतली. मी खाली जीव मुठीत धरून. उतरले तं म्हणतात, चिंच आण."

"पण का काढायला लावला?"

तिने पूनमसिंगकडे पाहिले.

"याईले काई आठवत नाई आता. दोन वर्षं झाली. सून म्हणजे बहीण, अन् नातू म्हणजे कोण माहीत कोण. पण भोंगा याद हाय. काल वाजला अन् हे ड्युटीवर निघाले. समोर पाणी होतं. धोतर हाती लागलं म्हणून. मंग काल चारले अन् आज सकाळी आधीच घट्ट धरून बसली." तिने पदर बोटाला गुंडाळला. "आज चारले लागलं नसतं तं?"

"मग मला येऊन सांगायचे ना."

"तुमचा नऊ नंबर आयकला ना मी. बाईनं वाचला. उतरवून देसान म्हणलं."

ते कलम सरांनी फार विचारपूर्वक, शुद्धलेखन दोनदा तपासून लिहिले होते.

"उद्या सकाळी बोट आमच्या तांड्यावरून जाते," लालीबाई म्हणाली. "धरणात गेला तो. तिथंच आमचं लगन झालं. याईले एक खेप दाखवावं म्हणलं, माह्यं नाव याद हाय तोवर. मंग धक्क्यावर उतरताना टोपलीतून काढून मिस्त्रीभाऊच्या हातात देणार होती. मरियामा देवीची आन."

सरांनी परवान्याची गोष्ट सांगितली, तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. "मले काय माहीत, भाऊ? मले वाटलं, भोंगा म्हणजे मजेचा."

मिस्त्री केव्हा मागे येऊन उभे राहिले होते ते कोणालाच कळले नव्हते. त्यांनी भोंगा उचलला, बाहीने पुसला आणि त्यात स्वतःचा चेहरा पाहिला.

"भाभी, एवढा साफ तं मी बी नाई केला कधी," ते म्हणाले. मग सरांकडे वळून हळूच विचारले, "पण सर, उद्या भोंगा वाजवला तं हा माणूस पाण्यात. अन् नाई वाजवला तं मी पाण्यात. काय करू?"

पूनमसिंग अजून पाण्याकडेच पाहत होता. सरांनी त्याच्याकडे पाहिले आणि जिनमधल्या त्या एकतीस वर्षांच्या आवाजात विचारले, "पूनमसिंग, ड्युटी कुठे?"

तो ताठ झाला. "अकरा नंबर, सायब."

"खडू आहे का कोणाकडे?" सरांनी विचारले.

जयाताईंच्या पिशवीत खडू निघाला. निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती, पण निघाला.

७

सकाळी फिरोजने भोंगा पुन्हा बसवला. पावणेआठला पाच मिनिटे असताना सगळे डेकवर जमले. चहा कोणी घेतला नाही. इंजिनच्या केबिनला लागून एक बाकडे ठेवले होते आणि त्यामागच्या लोखंडी पत्र्यावर जयाताईंच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ११. सरांनी सकाळपासून तीनदा पूनमसिंगला तिथे नेऊन आणले होते. अय्याजभाई पाण्याच्या बाजूच्या कठड्यापाशी, सहज उभे असल्यासारखे, हात पसरून उभे होते.

"तुम्ही काहून उभे?" फिरोजने विचारले.

"ऊन खाऊन राह्यलो. चौथ्यांदा."

मिस्त्रींनी दोरी ओढली.

आवाज पाण्यावरून गेला, पलीकडच्या टेकडीला लागला आणि परत आला. दरणे सरांच्या हाताने नकळत मनगटावरचे घड्याळ वर केले. हुस्नाबींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, जसा त्या घाटंजीच्या घरात मिस्त्रींचा डबा भरताना करत असत. बदकांचा थवा एकदम उठला.

पूनमसिंगही उठला. लालीबाईचा हात धोतराकडे गेला आणि सरांनी तो मध्येच धरला. म्हातारा दोन पावले पुढे आला, थांबला, त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मग तो वळला आणि गुडघे दुखत नसल्यासारखा चालत जाऊन अकराच्या आकड्याखाली बसला. केबिनच्या पत्र्यावर तळवा ठेवून त्याने इंजिनची थरथर नीट ऐकली.

"चालू हाय," तो म्हणाला.

अय्याजभाईंनी हात खाली घेतले आणि नाक शिंकरले.

थोड्या वेळाने बोटीची गती मंदावली. चारी बाजूंना नुसते पाणी होते. लालीबाई नवऱ्याशेजारी जाऊन बसली आणि तिने बोट दाखवले. "ओ, इकडं पाहा. इथं आपला तांडा होता. ती टेकडी वळखली काय?"

त्याने टेकडीकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि मग बराच वेळ तिच्याकडे पाहिले.

"लाली, थांब ना," तो म्हणाला. "ड्युटी सुटली की जाऊ घरी."

ती थांबली. पाणी पत्र्याला हलकेच थापट्या मारत राहिले.

दहाला दहा मिनिटे असताना धक्का दिसू लागला. काठावर ठिपक्याएवढा एक माणूस उभा होता. मिस्त्रींनी पूर्ण एक मैल आधीच दोरी ओढली. पूनमसिंग जागेवरून हलला नाही, कारण तो ड्युटीवरच होता. काठावरच्या माणसाने हात वर केला, आणि बोट जवळ आली तेव्हा तो कागदावर काहीतरी लिहीत होता.

पक्क्या परवान्यावर सही झाल्यावर दरणे सरांनी आपले माहितीपत्रक मांडीवर घेतले. कलम नऊ त्यांनी पट्टी लावून सरळ रेघेने खोडले आणि खाली लिहिले : 'ज्यांना भान राहत नाही, त्यांना बोट सुटण्यापूर्वी त्यांची जागा दाखवावी.' शुद्धलेखन त्यांनी एकदाच तपासले.

मिस्त्री ओले फडके घेऊन केबिनपाशी उभे होते. "सर, आता हा आकडा पुसू काय?"

"पुसा," सर म्हणाले. "खडू टिकत नाही. घाटंजीला पोचलो की ऑइलपेंट आणा."